नवतप्यातले थेंब

काचेवर चिकटवलेला पारदर्शक रबराचा तुकडा,
बिस्किटाएवढा.
आत केसाएवढ्या बारीक दोन वाटा.
एकीतून तेल येतं, एकीतून पाणी,
आणि जिथं त्या काटकोनात भेटतात
तिथं तेल पाण्याची मान धरतं.

मान बारीक होत जाते.
होत जाते.
तुटते.
थेंब.

सेकंदाला आठशे वेळा हे घडतं
आणि मला आठशे वेळा तोच हवा असतो,
साठ मायक्रॉनचा, मागच्याचा जुळा भाऊ.
कारण पुढं कधीतरी एकेका थेंबात एकच रक्तपेशी बसवायचीय,
गडचिरोलीहून बर्फात आलेल्या नळीतली,
प्राणवायू कमी पडला की विळ्यासारखी वाकणारी.
खोल्याच लहानमोठ्या असल्या
तर कोण कशानं वाकलं, हे सांगायचं कसं?

जानेवारीत सगळं ऐकत होतं.
तेल वाढवलं की थेंब लहान,
पाणी वाढवलं की मोठा.
मी वहीत सरळ रेघा काढल्या.
सर म्हणाले, लिहून काढा आता.

मग मे.
सिग्नलच्या कितीतरी मागं, कडुनिंबाच्या सावलीत
थांबणाऱ्या गाड्या,
डोळ्यांपुरतं उरलेलं माणूस.
नवतप्याच्या तिसऱ्या दिवशी आमचा एसी गेला.
खिडकीत कूलर बसला, वाळ्याच्या नव्या ताट्यांचा वास,
पंप तेच, आकडे तेच,
आणि पडद्यावर थेंब फुगलेले:
अडुसष्ट, एकाहत्तर, पासष्ट,
एकमेकांना ढुशा देत निघालेले
वरातीतल्यासारखे.

मी नळ्या बदलल्या. चिप बदलली.
थेंबांनी एकमेकांत मिसळू नये म्हणून घालतो तो साबण
(आम्ही त्याला मोठ्या नावानं हाक मारतो)
पुन्हा मोजून घातला.
रात्री अकराला रडले. थोडंच. कूलरच्या आवाजात.

हेडाऊ काका कुलूप लावायला आले.
वर्षभर आमच्या बाटल्या धुतात,
लग्नसराईत रजा टाकून आचाऱ्याच्या हाताखाली जातात,
महालात, पाचपावलीत, कधी थेट उमरेडला.
पडद्यासमोर उभे राहिले, चष्मा कपाळावर.
"बुंदी जाड पडून राह्यली न, मॅडम."

झारा तोच आहे काका. घोळ तोच.

"मंग तेल पाहा ना.
बुंदी बिघडली का पोट्टे घोलातच पाणी ओततेत.
तेलाकडं कोनीच पाहत नाही."

किल्ली टेबलावर ठेवून ते गेले.

थर्मामीटर तेलात बुडवला. छत्तीस.
जानेवारीत बावीस होतं, कोपऱ्यात लिहिलेलं, माझ्याच अक्षरात.
चौदा अंशांत तेलाची मूठ सैल झाली होती.
मान धरायचं सोडून ते नुसता हात लावून जात होतं,
आणि पाणी, तुटायला उशीर होतोय म्हटल्यावर,
तेवढ्या वेळात पोट भरून घेत होतं.

तेलाचा वेग वाढवला. अजून थोडा.
बासष्ट.
अजून.
सत्तावन्न. जास्त झालं. मागं.
पंपाचा प्रत्येक हिसका थेंबात उतरायचा,
मी टेबलावरचा कोपरसुद्धा उचलून धरला.
दोन वाजता साठ, आणि साठ, आणि साठ,
रांग अशी
की शिंकायची भीती वाटली.

वहीत प्रत्येक रेघेशेजारी आता एक रकाना वाढलाय:
खोली किती तापली होती.

सोमवारी काकांनी पुडी आणली,
लग्नातली बुंदी, कागदाला तूप सुटलेलं.
गंमत म्हणून व्हर्नियर काढला, पन्नास दाणे मोजले.
शंभरात नऊचा फरक.
धुरात, घाम पुसत, झारा ठोकत.
माझा, एवढ्या पैशांच्या पंपानं, चार.
"नापास का?" काकांनी विचारलं.

तळाशी दोन दाणे एकमेकांना चिकटलेले होते.
असले आमच्याकडं मोजणीत धरत नाहीत.
मी ते तोंडात टाकले.